सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत: १३ वर्षांची भाची ६ आठवडे पुण्यात येतेय

नळस्टॉपची_मामी

नमस्कार मंडळी.

नणंदेची मुलगी जूनच्या शेवटी पुण्यात येतेय, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. वय १३, जन्म न्यू जर्सीतला, वाढ तिथल्याच एडिसनमधली. यंदा पहिल्यांदाच आईबाबांशिवाय, म्हणजे आजी-आजोबा आणि आम्ही.

मराठी तिला सगळं कळतं. आजी फोनवर बोलते ते कळतं, घरातलं भांडण तर शब्द न् शब्द कळतं. पण उत्तर इंग्रजीत येतं. एखादं वाक्य मराठीत बोललीच तर इकडची मंडळी "किती गोड!" म्हणून हसतात आणि ती पुन्हा गप्प होते. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "मामी, माझ्या मराठीला सगळे हसतात का?" उत्तर सुचलं नाही, म्हणून हा धागा.

संस्कारवर्ग भरवायचा नाहीये. तिथे ती भारतीय, इथे ती अमेरिकन, हे तिला पुरेसं ऐकवून झालंय. ६ आठवड्यांत ती आपणहून बोलू लागावी आणि इथे पाहुणीसारखी बसून राहू नये, एवढंच हवंय. नेमकं काय करावं ते सांगा. तात्त्विक चर्चा नंतर केली तरी चालेल.

शाळेची_घंटा

आधी दिनदर्शिका बघा. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर भरतात. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू झालेल्या असतात. म्हणजे ती येईल तेव्हा मामेभावंडं सकाळी ७ला घराबाहेर आणि दुपारनंतर क्लासला. दिवसभर घरात दोन वृद्ध माणसं आणि वायफाय. मुलगी बोलत नाही याचं निम्मं कारण बहुतेक घरांत एवढंच असतं.

उपाय म्हणजे रोज ठरल्या वेळी, तिच्याच वयाच्या ४-५ मुलींमध्ये, हाताने किंवा पायाने करायचं काहीतरी. खोखो, लंगडी, पोहणं, नाटकाची तालीम, ढोल, कुंभारकाम. आठवड्यातून ५ दिवस, दीड तास. एका दिवसाची कार्यशाळा उपयोगाची नाही, नावं पाठ होईपर्यंत ती संपते. आणि "मराठी शिकायचा क्लास" मुळीच नको. तिथे समोरच्या सगळ्यांना तिचं मराठी कच्चं आहे हे आधीच माहीत असतं.

ध्वनिवेडी

हसतात का, याचं सरळ उत्तर आहे आणि ते तिला सांगण्यासारखं आहे. तिची चूक ४-५ ठरावीक आवाजांत असते. त्या आवाजांमुळे १३ वर्षांची मुलगी ३ वर्षांच्या बाळासारखी ऐकू येते, म्हणून लोकांना गोड वाटतं. बुद्धीचा संबंध नाही, जिभेच्या जागेचा आहे.

पहिला आवाज त आणि द. इंग्रजीतला 'टी' हिरडीवर उच्चारतात. आपल्याला तो ट ऐकू येतो, म्हणून "तू" चं "टू" आणि "दार" चं "डार" होतं. तिला सांगा, इंग्रजी 'द' म्हणजे 'दिस, दॅट' मधला आवाज काढताना जीभ दातांना लागते तिथेच ठेव, फक्त हवा सोडू नकोस, अडव. तो झाला आपला द. त्याच जागी आवाज न घुमवता त. जोड्या म्हणायच्या: पात-पाट, ताप-टाप, खोद-खोड.

दुसरा प आणि क. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हे आवाज फुंकरीसह येतात. म्हणून तिचं "पाणी" आपल्याला "फाणी" च्या जवळ वाटतं. इंग्रजीतच 'स'नंतर फुंकर नसते, त्याचा फायदा घ्या. 'स्पून' म्हणायला लावा, मग हळूच 'स' गाळायला सांगा. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची: पळ म्हणताना हलता कामा नये, फळ म्हणताना हलली पाहिजे. बात-भात, गर-घर, कार-खार यांत फरक पडेपर्यंत.

तिसरा ळ. "जीभ वळव" सांगून काही होत नाही. आधी ड म्हणायला लावा आणि टोक टाळूला लागलंय तिथेच थांबवा. तिथून ल म्हणायचा प्रयत्न करत जीभ पुढे सोडायची. काल-काळ, वेल-वेळ, मला-मळा, बाल-बाळ.

चौथा च आणि ज. याबद्दल आपण मुलांना कधी सांगतच नाही, कारण लिहिताना फरक दिसत नाही. "चार" मधला च वेगळा, "चाक" मधला वेगळा. "जग" म्हणजे दुनिया वेगळं आणि "जग" म्हणजे जिवंत राहा वेगळं. "माझी" आणि "माझा" यांतला झ सुद्धा एक नाही. इंग्रजी 'कॅट्स' च्या शेवटी जो आवाज आहे तो चाक, चमचा, चोरचा. 'किड्स' च्या शेवटचा आवाज तो "जाते" चा. हे दोन्ही तिच्याकडे आधीपासून आहेत, फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणायचेत.

रोज १० मिनिटं, एका वेळी एकच आवाज, ४ दिवस. सगळं एकदम घेतलं तर जीभ गोंधळते आणि मुलगी चिडते. हा सराव एकांतात करायचा, जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर नाही.

वाचनमात्र_आजवर

च चं कॅट्सवालं उदाहरण फार कामाचं. वाचनखूण साठवली.

घाटमाथा

ध्वनिवेडी, माहिती उत्तम, पण क्रम मला पटत नाही. उच्चार कच्चे असले तरी माणसं समजून घेतात. मुलगी गप्प बसते ती वाक्य जुळत नाही म्हणून.

दुसऱ्या पिढीच्या मुलीच्या मराठीत तीन ठिकाणी वाक्य अडतं. पहिलं, "मला आवडतं". ती इंग्रजीच्या सवयीने "मी आंबा आवडते" म्हणते आणि समोरचे हसतात, कारण "मी आवडते" चा अर्थच बदलतो. मला आवडतं, मला हवं, मला येतं, मला कळलं, मला भूक लागली, मला कंटाळा आला. ही सहा वाक्यं गाण्यासारखी तोंडात बसली की रोजचं निम्मं बोलणं होतं.

दुसरं, भूतकाळ. मी भात खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. क्रियापद खाणाऱ्याकडे न बघता खाल्लेल्या वस्तूकडे बघतं, हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. नियम सांगा, १३ व्या वर्षी नियम कळतो. लिंग मात्र पाठच करावं लागतं. नवा शब्द देताना सुटा देऊ नका. "माझी पिशवी, माझा डबा, माझं पुस्तक" असा द्या, म्हणजे लिंग सोबत येतं.

तिसरं, सामान्यरूप. "पाणीत", "शाळामध्ये", "मुलगाला" असं होतं. पाण्यात, शाळेत, मुलाला. वापरातली २० नामं घ्या, प्रत्येकाला -त, -ला, -वर लावून बघा. पाऊस-पावसात, माणूस-माणसाला हे दोन तर पुण्याच्या जुलैत रोज लागतात.

आणि मुलगी आहे म्हणून एक जास्तीचं. ती घरी मराठी कुणाकडून ऐकते? बाबाकडून जास्त ऐकत असेल तर ती "मी जातो, मी करतो" म्हणत असणार. इंग्रजीत 'मी' बरोबरचं क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे चूक तिला ऐकूच येत नाही. चार बायकांमध्ये बसली की आठवडाभरात "जाते, करते, आले" आपोआप येतं. शिकवण्यापेक्षा कानावर पडलेलं बरं.

पंचगंगा

घाटमाथा, "मी जातो" ही चूक म्हणताना जपून. कोल्हापूरकडच्या मुली सर्रास "मी आलो, मी गेलो" म्हणतात आणि ते अस्सल मराठीच आहे. भाचीचे वडील तिकडचे असतील तर तिला "हे पुण्यात असं म्हणतात" एवढंच सांगा. चुकीचं म्हणू नका, नाहीतर बापाचीच भाषा चूक ठरते.

घाटमाथा

पंचगंगा, मान्य. माझा शब्द चुकला.

बाणेदार

एवढं कशाला? घरात इंग्रजीला बंदी घाला. मराठीत मागेपर्यंत पाणीही द्यायचं नाही. ३ दिवसांत बोलते की नाही बघा.

दोन_किनारे

बाणेदार, कृपा करून हे करू नका. इतर कुणी वाचत असतील तर त्यांनीही नको.

अशा मुलीकडे मराठीत सुमारे ५ वर्षांच्या मुलीचं बोलणं असतं आणि इंग्रजीत १३ वर्षांच्या मुलीचं. भूक, झोप, पाणी मराठीत मागता येतं. पण मैत्रिणीशी अबोला का झाला, पाळी आली आणि पोट दुखतंय, रिक्षात शेजारचा माणूस टक लावून बघत होता, हे सांगायला तिच्याकडे मराठी नाही. बंदी घातली की ती पाणी मागेल आणि बाकी काहीही सांगणार नाही. घरापासून १२ हजार किलोमीटरवर, आईबाबा शेजारी नसताना, हे धोक्याचं आहे.

बंदीऐवजी जागा वाटून घ्या. स्वयंपाकघर, मंडई आणि पत्त्यांचा डाव मराठीत. झोपायच्या आधीच्या गप्पा तिला हव्या त्या भाषेत. ती इंग्रजीत बोलली तरी तुम्ही मराठीतच बोलत राहा, तिला कळतंय हे तुम्हाला ठाऊकच आहे.

चूक दुरुस्त करायची ती तिचं वाक्य नीट करून संभाषणात परत घालून. ती म्हणाली "मी चमचा पाडली", तर तुम्ही म्हणायचं "चमचा पाडलास? असू दे, दुसरा घे." "असं नाही म्हणायचं" हे वाक्य ६ आठवडे गिळायचं. आणि घरातल्या सर्वांना, विशेषतः काका लोकांना, आधीच बजावायचं: तिच्या बोलण्याची नक्कल नाही, फोनवर चित्रीकरण नाही, पाहुण्यांसमोर "काहीतरी बोलून दाखव" नाही. "किती गोड" सुद्धा नाही. तिला गोड दिसायचं नसतं, तिला ऐकलं जायला हवं असतं.

नळस्टॉपची_मामी

शेवटचं वाक्य आजच घरच्या ग्रुपवर टाकते.

बाणेदार, राग नाही. पण पाण्याची अट आमच्याकडे चालणार नाही.

कागदपत्री

थोडं अवांतर, पण वेळेत बघायला हवं.

१६ वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो. म्हणजे १३ व्या वर्षी तो संपत आलेला असू शकतो. तो टपालाने नवा होत नाही. मुलगी आणि दोन्ही पालक प्रत्यक्ष हजर लागतात, एक पालक नसेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. आत्ताच तारीख बघायला सांगा.

ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असेल तर २०२१ पासून नियम सोपा झालाय. २० वर्षांची होईपर्यंत दर नव्या पासपोर्टला कार्ड बदलायचं नसतं. नव्या पासपोर्टची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा, पासपोर्ट मिळाल्यापासून ३ महिन्यांत, त्याला फी नाही. २० नंतर पहिल्यांदा पासपोर्ट नवा झाला की एकदाच कार्ड नवं करायचं. लोकांचं चुकतं ते तपशील चढवणं विसरून थेट विमानतळावर जाण्यात.

कार्ड नसेल तर ६ आठवड्यांसाठी ई-व्हिसा पुरतो. पालक भारतीय नागरिक असले तरी मुलगी अमेरिकी नागरिक असेल तर व्हिसा किंवा ओसीआय लागतंच. "आपलीच मुलगी" हे विमान कंपनीला पुरत नाही.

एकटी प्रवास करणार म्हणून दोन्ही पालकांच्या सहीचं नोटरी केलेलं पत्र सोबत द्या. त्यात इथे कुणाकडे राहणार त्याचं नाव, पत्ता, फोन आणि इथे औषधोपचाराला संमती हवी. हे शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. रात्री ताप चढल्यावर त्याची आठवण होते. टायफॉइडची लस निघण्याआधी किमान २ आठवडे झालेली बरी. पावसाळ्यात डेंग्यूही असतो, डास पळवणारं मलम बॅगेत हवं.

पुढचंही सांगून ठेवतो. तिला कधी भारतात वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीला यायचं झालं, तर ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआयधारकांना फक्त अनिवासी भारतीयांच्या जागा ठेवल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना ते लागू नाही. म्हणून कार्डाच्या मूळ नोंदणीची तारीख दाखवणारा कागद जपून ठेवा.

तुळशीबाग_लेन

१३ वर्षांची मुलगी आहे, म्हणून जे धाग्यावर कुणी लिहीत नाही ते लिहिते.

पाळी. तिकडे न्हाणीघरात झाकणाची टोपली असते. आपल्याकडे बऱ्याच घरांत नसते आणि विचारायची तिला लाज वाटते. ती यायच्या आधी टोपली आणि शेजारी जुनी वर्तमानपत्रं ठेवा, पहिल्याच दिवशी दाखवा. पॅड कागदात गुंडाळून कागदावर लाल ठिपका काढायचा. पुण्यात कचरा वेचणाऱ्या 'स्वच्छ' च्या ताई तो कचरा हाताने वेगळा करतात, त्यांना उघडून बघावं लागू नये म्हणून ही खूण. कारण सांगितलं की मुली आवर्जून करतात. संडासात काहीही टाकायचं नाही, हे स्पष्ट सांगा. टॅम्पॉन वापरत असेल तर पुरेसे घेऊन येऊ दे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही.

आजीकडे बाजूला बसण्याची, देवाला न शिवण्याची रीत असेल तर आत्ता बोला. आजीशी तुम्ही बोला, मुलीशी तिची आई बोलेल. माझं मत विचाराल तर तिच्यावर ते लादू नका. पण जे काही ठरेल ते तिला विमानात बसण्याआधी माहीत हवं. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात अचानक "थांब" ऐकणं, याने जे तुटतं ते ६ आठवड्यांत सांधत नाही.

कपडे. संस्कृतीचं सोडा, जुलैत पुण्यात जीन्स वाळायला दोन दिवस लागतात. एकच जीन्स, बाकी पातळ कापडाच्या पँट आणि कुडते. कुडते इथे तुळशीबागेत तिने स्वतः निवडू देत. "नीट कपडे" अशी सूचना देऊ नका, तिला नीट म्हणजे काय ते कळत नाही. "आजोबांच्या मित्राकडे जाताना गुडघा झाकलेला असू दे" असं सांगा.

रंग, वजन, केस, मुरुमं यांवर शेजारणी बोलणारच. त्या वेळी घरातल्या मोठ्या माणसाने मध्ये पडायचं. "तिच्या दिसण्यावर नको बोलूया, तिने काल थालीपीठ केलं ते खा." मुलीने उत्तर द्यायचं आणि उद्धट ठरायचं, ही वेळ तिच्यावर आणू नका.

अर्धा_पाव

बोलतं करायला मंडईसारखी जागा नाही. पण तिला सोबत नेऊन मागे उभं करू नका, तिच्या हातात पैसे आणि यादी द्या. पहिल्या आठवड्यात ३ वस्तू: पाव किलो मटार, अर्धा किलो टोमॅटो, कोथिंबिरीची एक जुडी. वाक्यं चारच. "कसे दिले?" "अर्धा किलो द्या." "किती झाले?" "सुट्टे नाहीत." तुम्ही दहा पावलांवर थांबायचं.

अडतं ते आकड्यांवर. इंग्रजीत वीसनंतरचे आकडे जोडून तयार होतात, आपल्याकडे शंभरपर्यंत जवळजवळ पाठच करावे लागतात. तिला "एकोण" ची किल्ली द्या: एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे चालतं, नव्व्याण्णवला मोडतं. मग पावणे, सव्वा, साडे आणि त्यांच्या जोडीला दीड, अडीच. "साडेएक" आणि "साडेदोन" सगळीच मुलं म्हणतात. दीड आणि अडीच हे वेगळे शब्द आहेत, ते पहिल्याच दिवशी सांगावे. घड्याळ, दूध, भाजी तिन्हीकडे लागतात.

नकार द्यायलाही शिकवा. "वाढू का?" याला ती "नाही" म्हणेल, कारण इंग्रजीत एकच 'नो' आहे. इथे "नको" हवं. आणि पुण्यात एका "नको" ने भागत नाही, वाढणारा थांबत नाही. "पुरे आजी, पोट भरलं, छान झालं होतं" एवढं एका दमात. ती सारखं "थँक यू" म्हणत असेल तर म्हणू द्या. त्याच्या जागी "धन्यवाद" बसवू नका, घरात आपण कुणीच म्हणत नाही.

निघतानाचा शब्दही राहू नये. दारातून बाहेर पडताना "मी जाते" नाही, "येते हं". का, ते आजीला सांगू दे.

रास्तापेठ_दुसरी_गल्ली

एक वेगळी बाजू. दुसरी पिढी फक्त परदेशातच नसते. पुण्यात तमिळ, मल्याळी, कानडी, भोजपुरी, नेपाळी घरांतल्या मुली घरी एक भाषा, रस्त्यावर मराठी, शाळेत इंग्रजी अशा वाढतात. त्यांचंही असंच होतं: आजीचं बोलणं कळतं, उत्तर मराठीत येतं. भाचीला अशा मुलींमध्ये बसवता आलं तर बघा. चुकलेली भाषा बोलायची सवय त्यांना असते, त्या हसत नाहीत, सरळ शब्द पुरवतात. खोखोच्या मैदानावर अशा दोघी-तिघी सापडतीलच.

दोन_किनारे

हे फार नेमकं सांगितलंत.

यालाच जोडून न विचारायचे प्रश्न. "तुला इंडिया आवडतं की अमेरिका?" "तू स्वतःला काय समजतेस?" "मोठी झालीस की इकडचाच मुलगा करशील ना?" पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं तर एक घर दुखावतं, म्हणून मुली खांदे उडवतात आणि आपण म्हणतो, बोलत नाही. त्याऐवजी असे प्रश्न विचारा ज्यांची उत्तरं फक्त तिच्याकडे आहेत. तिकडे शाळेची बस चुकली तर काय करतात? बर्फ पडला की सुट्टी कशी कळते? तिच्या शाळेत गणपतीची सुट्टी नसते, मग त्या दिवशी काय करते? जिथे ती जाणकार आणि आपण अडाणी, तिथे भाषा लवकर सुटते.

तिकडे परत गेल्यावरचीही अडचण लक्षात ठेवा. तिथल्या मित्रमैत्रिणींना ती ६ आठवडे कुठे होती हे सांगता यायला हवं. इथली एखादी खरी गोष्ट तिच्या हाताला लागली पाहिजे: एक पदार्थ पूर्ण स्वतः करता येणं, फुगडी घालता येणं, एका चौकाचा नकाशा पाठ असणं. पाच किल्ले आणि सात देवळं दाखवून ते होत नाही.

जुनं_पुणं

दोन किनाऱ्यांना जोडणारी एक गोष्ट तिच्या गावाजवळच आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरी ठेवून घेतलं, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावचं. एडिसनहून मोटारीने फार वेळ लागत नाही. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. म्हणजे देह इथे गेला आणि अस्थी तिथे आहेत. धडा म्हणून सांगू नका. तिला नकाशावर दोन टाचण्या लावायला द्या आणि मधली तारीखवार रेघ तिलाच शोधू द्या.

नळस्टॉपची_मामी

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: संध्याकाळी खोखो, मंडई एक दिवसाआड, जोड्यांचा सराव माझ्याबरोबर गच्चीच्या खोलीत १० मिनिटं, हसण्याला बंदी, इंग्रजीला नाही. सासूबाईंशी पाळीबद्दल काल बोलले. त्या म्हणाल्या, "तिच्यावर काही नको, मी माझं बघते."

एक प्रश्न उरला. तिला वाचता येत नाही. ६ आठवड्यांत देवनागरी होईल का? की तेवढं ओझं नको?

ध्वनिवेडी

होईल, आणि ओझं नाही, कारण पुण्यात पाट्या फुकट आहेत. पण अ ते ज्ञ या क्रमाने जाऊ नका. तिला बोली येते, म्हणून ज्यातून लगेच ओळखीचे शब्द होतात ती अक्षरं आधी: न, म, र, क, ल, स, त, प आणि काना, वेलांटी. दुसऱ्या दिवशी ती नाक, कान, मामी, काकी, साप, तीन वाचते. मग रोज ४ नवी अक्षरं, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे २ आठवड्यांत स्वरचिन्हांसकट बहुतेक सगळं. जोडाक्षरं तिसऱ्या आठवड्यात.

घोटाळा या जोड्यांत होतो: घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष, ड-इ. त्या एकाच दिवशी शिकवू नका, मधे ३ दिवस जाऊ द्या. र वेगळा धरा, कारण तो सूर्यमध्ये डोक्यावर, प्रकाशमध्ये पोटात, ट्रकमध्ये पायाशी आणि दुसऱ्यामध्ये आणखी निराळाच असतो.

पाठ्यपुस्तक घेऊ नका, पहिलीच्या पुस्तकातलं कमळ आणि बदक १३ वर्षांच्या मुलीला अपमान वाटतं. वनाज ते रामवाडी मेट्रोत बसवा. स्थानकाचं नाव आधी कानावर पडतं, मग पाटीवर दिसतं, दोन्ही मराठीत. "पुढील स्थानक" हे शब्द ती दोन फेऱ्यांत वाचेल. तुमच्या नळ स्टॉपला ळ आयताच मिळतो. नंतर हॉटेलांची दरपत्रकं, दुकानांच्या पाट्या, आणि चौथ्या आठवड्यापासून बालभारतीचं 'किशोर' मासिक. जुने अंक ऑनलाइन मोफत आहेत, ती तिकडे परतल्यावरही वाचू शकेल.

शाळेची_घंटा

आणि तिच्या फोनवर मराठी कळफलक पहिल्याच दिवशी घाला, रोमन अक्षरांत लिहिलं की देवनागरी उमटणारा. आजीचा फोनही तसाच करा. एकाच घरात राहून दोघींनी दिवसातून एक निरोप एकमेकींना लिहायचा, भाजी काय करू इतकाही चालेल. 'काल' लिहिलं की काल आणि काळ दोन्ही पर्याय खाली दिसतात आणि निवडावं लागतं. तिथे ध्वनिवेडींचा सराव आपोआप होतो. ती परत गेल्यावर चालू राहील ते बहुतेक हेच, कारण फोनवर बोलायला दोन्हीकडच्या वेळा जुळत नाहीत, निरोप केव्हाही लिहिता येतो.

नळस्टॉपची_मामी

सासूबाईंच्या फोनमध्ये आत्ताच घातला. पहिला निरोप एडिसनला गेलासुद्धा: "कधी येतेस?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, देवनागरीत. तिच्या आईने कळफलक लावून दिला असावा. "२७ ला येतो."

सासूबाई वाचून म्हणाल्या, येऊ दे, इथे आली की येते होईल.